सहा नंबरच्या यंत्राचा वेग

मी, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त फिटर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय मंदावले आहे. डोक्याबद्दल त्यांची तक्रार नाही. मुलाच्या आग्रहावरून केलेले आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर ताईंना द्यावे. कागद कारखान्यात त्या सहा नंबरच्या यंत्रावर होत्या. मुलगा विचारील, "बाबा, ह्या कोण?" म्हणून खुलासा करतो.

यंत्राला ठरल्या वेगापुढे जाऊ न देणारा गव्हर्नर असतो. त्यावर शिशाचे सील, सीलवर फिटरचा नंबर आणि तारीख. माझा मित्र मास्तर म्हणे, "भांडवलशाहीला अडवायचं नाही रे, पळवायचं. इतकं की स्वतःच्याच पायात पाय अडकून पडेल." मला पटले. यंत्र फुटेल, कारखाना पेटेल, मग लोक उठतील, अशा आशेने मी गव्हर्नर काढला. यंत्र फुटले नाही. तीन आठवडे दीडपट धावले. मालकाने माझी पाठ थोपटली. चौथ्या आठवड्यात ताईंचा उजवा हात गेला.

मी घाईने गव्हर्नर परत बसवला. नव्या सीलवर अपघाताचीच तारीख होती. मालकाने ती पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि चौकशी अधिकाऱ्यांसाठी चहा मागवला. अहवालात आले, 'कामगाराचा निष्काळजीपणा.'

२. मास्तरच्या पुस्तिका मास्तरला परत. "इतिहास किंमत मागतोच," असे तो तेव्हा म्हणाला. "मग स्वतःचा हात द्यायचा होतास," मी म्हणालो. तेव्हापासून बोलणे बंद आहे. ते तसेच राहू द्यावे.

३. अवजारांची पेटी मुलाला. गोदामातल्या माणसांचे हात किती भरभर चालतात, हे मोजणारा प्रोग्राम तो लिहितो. म्हणतो, "बाबा, वेग कुणाला थांबवता येत नाही." मास्तर हेच म्हणे, मालकही. बाळा, मला थांबवता आला असता. पाना माझ्याच खिशात होता. तो पेटीत वरच ठेवला आहे.

४. गव्हर्नर काढताना तुटलेले जुने सील मी जपून ठेवले होते. ते ताईंना द्यावे, असे आधी लिहिले होते. काल त्यांना हे सारे वाचून दाखवले. त्यांनी डाव्या हाताने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाल्या, "घराचं तुम्ही गेल्यावर बघू. तो निष्काळजीपणा आधी खोडा. जिवंतपणी."

म्हणून हे कलम बदलतो. सील आणि वरच्या खुलाशाची सही केलेली प्रत आज सकाळी मी स्वतः अपघातांची चौकशी करणाऱ्या कार्यालयात दिली. पोच जोडली आहे.

सही: फिटर, नंबर अकरा
साक्षीदार: शेजारचे शिंपी, नेहमीचे डॉक्टर (शुद्धीची खात्री करून)
स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: १४ मार्च, दुपारी