गाळात उतरण्याआधी

तीर्थस्वरूप ताईस,
तुझ्या धाकट्याचा लांबूनच पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

"माझा पोरगा बुडाला, आता तू तरी पाण्यात उतरू नकोस," म्हणालीस. म्हणून तुझे प्रश्न मी पाणबुड्याचं काम शिकवणाऱ्यालाच विचारले. पाठीवरच्या टाकीतली हवा एकाएकी संपत नाही, काटा आधी सांगतो. कान दुखले, तर नाक दाबून हळूच फुंकायचं. डॉक्टरांनी छाती तपासलीय, वय आड येत नाही.

मी चुकतो ते एकाच बाबतीत. आपण विहिरीत पोहायला शिकलेली माणसं, पाण्यात गेलं की श्वास धरतो. इथे वर येताना श्वास धरला, तर फुफ्फुस फाटतं. शिकवणारा ओरडतो, "मामा, श्वास काय गाठीला बांधून नेताय? सोडा!" आता मनात नाम घेतो, त्यावर श्वास चालू राहतो.

भाऊजी दोन घास खातात का?

सरकारी शोध थांबला, पण पोराची बुडालेली बोट तळाशी तिथेच आहे. रविवारी शिकवणारा आणि मी, आम्ही दोघं उतरू. पोराला घेऊनच येईन.

खाली गाळामुळे डोळ्यांना काही दिसत नाही, हातांनीच ओळखावं लागतं. त्याच्या हातात कडं होतं ना? उजव्या की डाव्या, तेवढं कळव.

देव तुम्हा दोघांना बळ देवो.

तुझा,
धाकटा