वीस सेकंदांची मोकळी जागा

४ मार्च, सोमवार

आज सकाळी नव्या कामावर रुजू झालो. चार महिने घरी बसून बायकोचे टोमणे खाल्ल्यावर दुसऱ्याच्या घरातली मागची खोलीसुद्धा महाल वाटते. खिडकीला हिरवा पडदा आहे, टेबलाचा डावा ड्रॉवर अडकतो, खुर्ची मात्र उत्तम. नाश्ता गरम मिळाला. तक्रार करायला अजून काही सापडलेलं नाही. सापडेल.

घरमालक म्हणजे भुतांवर एकतीस पुस्तकं लिहिलेले गृहस्थ. दाराच्या पाटीवर नावाखाली ‘अतींद्रिय संशोधक व लेखक’ असं आहे, म्हणजे लोकांना दोन वाटांनी फसवायची सोय. मी त्यांना मनात भूतमहर्षी म्हणतो, तोंडावर सर. दोन वर्षांपूर्वी त्यांची वाचा गेली, उजवं अंगही लुळं पडलं. चाकाच्या खुर्चीत बसून डाव्या हाताने पाटीवर दोन-चार शब्द खरडतात. ते अक्षर फक्त त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना लागतं.

बत्तिसावं पुस्तक अर्धवट राहिलंय. जुन्या कॅसेटी ऐकून मी ते पुरं करायचं आणि नाव त्यांचं लागायचं. हे काम मेहुण्याने मिळवून दिलं. बायकोचा हा भाऊ आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडला. वर्तमानपत्रात बारा वर्षं मी असल्याच भोंदूंची पिसं काढली आणि आता त्यांच्यातल्याच एकाची पिसं विंचरायला बसलोय. असो. संध्याकाळी लेकीशी फोनवर बोललो. चिमणीने विचारलं, तिकडे भूत आहे का. मी म्हटलं, आहेत की, दोन, दोघंही चहा पितात.

६ मार्च, बुधवार

महर्षींची पद्धत कळली. पछाडलेल्या म्हणून सांगितलेल्या खोलीत एकटे बसायचे, टेप सुरू करायचे आणि सात प्रश्न विचारायचे. तू कोण, किती दिवस इथे आहेस, असे ठरलेले. पाचवा, इथून कुठे जाशील. सातवा, तुला काय हवंय. प्रत्येक प्रश्नानंतर वीस सेकंद गप्प. मग कागदावर प्रश्न लिहायचा आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडून कंसात ‘शांतता’.

गंमत अशी की सगळीकडे शांतताच. दोन दिवसांत चाळीस कॅसेटी ऐकल्या, एकतीस पुस्तकं चाळली. पहिलं पुस्तक सोडलं तर एकाही भुताने या माणसाला ओ दिलेली नाही. डोंगर पोखरून उंदीर काढला म्हणावं तर उंदीरही नाही. आणि हे लोक विकत घेऊन वाचत होते. वाचकांबद्दल माझं मत आधीही फारसं चांगलं नव्हतं.

९ मार्च, शनिवार

प्रकाशकाचा फोन. त्याच्या मते शांतता विकली जात नाही. मी त्याला मूर्ख समजतो, पण याबाबतीत तो बरोबर आहे.

म्हणून शेवटचं प्रकरण हाती घेतलं. बंद पडलेल्या शाळेतला वर्ग. प्रश्न महर्षींचे, उत्तरं माझी. तू कोण? मुलगी. किती दिवस इथे आहेस? घंटा झाल्यापासून. हात लिहायला लागला की डोकं लागत नाही, बारा वर्षांची सवय. पाचव्या प्रश्नाला मात्र अडलो. कुठे जाईल ही पोरगी? नवीन घर रचायचा कंटाळा आला, तेव्हा आपलंच लिहून टाकलं. पिवळं दार. बेल बिघडलेली, म्हणून दारावर कागद, ‘बेल बंद आहे, दार वाजवा’. जिन्याची चौथी पायरी हलते. ती बेल सहा महिने दुरुस्त करायची राहिलीय, निदान पुस्तकात तरी कामाला आली.

१२ मार्च, मंगळवार

प्रकाशक खूश. फक्त शेवट जरा जोरकस हवा म्हणाला. सातव्या उत्तरात लिहिलं, एक माणूस हवंय, एक घेतल्याशिवाय मी जात नाही. लिहिताना मलाच हसू आलं.

दुपारी चारला काकू रोजचं लिखाण सरांना वाचून दाखवतात. आज प्रकरण संपायच्या आतच सर डाव्या हाताने खुर्चीचा दांडा बडवायला लागले. पाटीवर काहीतरी लिहिलं. काकू मला म्हणाल्या, मोकळी जागा मोकळीच ठेवायची असते, तेवढं काढून टाका. मी गोड हसून हो म्हटलं आणि तसंच पाठवून दिलं. लेखकाचा मत्सर मी खूप पाहिलाय. मुक्या लेखकाचा प्रथमच.

१५ मार्च, शुक्रवार

घरी फोन केला. बायको चक्क आनंदात. बेल आपोआप चालू झाली म्हणे. काल दुपारी दोनदा वाजली, दारात कुणी नव्हतं. तुमच्या हातून व्हायची नव्हती ती देवाने केली, असंही ऐकवलं. मी म्हटलं, तारेला तार लागली असेल. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

१६ मार्च, शनिवार

सहज म्हणून शाळेची कॅसेट पुन्हा लावली. लिखाण ताडून पाहायला, दुसरं काही नाही.

पहिल्या प्रश्नानंतर शांतता नव्हती.

मुलगी, असं उत्तर आलं. लहान आवाज, जरा सर्दी झाल्यासारखा. मग घंटा झाल्यापासून. मग पिवळं दार, कागद, चौथी पायरी. माझी वाक्यं, माझ्याच क्रमाने. कॅसेट काढून पाहिली. लेबल सरांच्या जुन्या अक्षरात, कडेचा प्लास्टिकचा तुकडा तोडलेला, म्हणजे तिच्यावर नव्याने काही भरताच येत नाही. कुणीतरी माझी चेष्टा करतंय. काकू? त्यांना टेपचं बटण सापडत नाही. मेहुण्याला विचारीन. याला लागणारी अक्कल त्याच्याकडे दिसत नाही, पण विचारीन.

१७ मार्च, रविवार

चिमणी फोनवर सांगत होती, जिन्यावर एक मुलगी येऊन बसते. चौथ्या पायरीवर. आपणहून बोलत नाही, विचारलं तरच बोलते, तेही खूप वेळाने. तिला सर्दी झालीय. मी विचारलं, तू तिला काय विचारलंस. म्हणाली, तुला काय हवंय.

बायकोला सांगितलं, पोरीला घेऊन माहेरी जा, आत्ता. तिने कारण विचारलं. बारा वर्षं ज्यांची टिंगल केली त्यांचंच वाक्य तोंडात आलं आणि ते बोलवेना. बायको म्हणाली जिन्यात कुणीच नाही, ती आत्ताच पाहून आली, आणि शाळेची परीक्षा तोंडावर असताना कुणी माहेरी जात नाही. फोन ठेवला.

१८ मार्च, सोमवार

सरांपुढे जाऊन बसलो. सॉरी म्हटलं. हा शब्द मी बायकोलाही म्हणत नाही.

त्यांना लिहायला तास लागला. काकू एकेक शब्द वाचत होत्या आणि रडत होत्या. पहिल्या पुस्तकात सरांनीही एक जागा भरली होती. सातव्या प्रश्नाला, ‘मला तुझा आवाज हवा’. वाचकांना फार आवडलं होतं. त्यानंतर तीस वर्षं ते खोल्या-खोल्यांत जाऊन प्रश्न विचारत राहिले. ते वीस सेकंद उत्तराची वाट पाहायला नव्हते. उत्तर येत नाही ना, याची खात्री करायला होते. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी उत्तर आलं. डॉक्टरांनी त्याला वेगळं नाव दिलं.

आणि मी यांना भूतमहर्षी म्हणत होतो.

विचारलं, खोडता येतं का. पाटीवर: नाही. पुसून पुन्हा लिहिलं: हवं ते बदलत नाही. कुठे जायचं ते बदलतं. स्वतःच्या आवाजात सांगावं लागतं.

१९ मार्च, मंगळवार

सकाळी बायकोचा फोन. चिमणी चपला घालून दाराशी उभी होती. मैत्रीण खाली बोलावतेय म्हणे. बायकोने आत ओढली तर एवढंसं पोर हाताला चावलं. तिच्या आवाजात आता — सर्दी आहे.

प्रकाशकाला सांगितलं, प्रकरण काढ. तो हसला. मी त्याच्या जागी असतो तर मीही —

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

१९ मार्च, दुपार

शाळेच्या कॅसेटच्या तुटलेल्या कडेवर चिकटपट्टी लावली, म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येतं. पाचव्या प्रश्नापर्यंत आणली. सरांचा तेव्हाचा आवाज, इथून कुठे जाशील. रेकॉर्डचं बटण दाबलं आणि नीट सांगितलं, चूक व्हायला नको म्हणून सगळं. मागची खोली. हिरवा पडदा. डावा ड्रॉवर अडकणारं टेबल. खुर्चीत एक माणूस. तिथे दुसरं कुणी येत नाही.

काकूंना सांगितलं, सरांना घेऊन बहिणीकडे जा. सर दारातून वळून माझ्याकडे पाहत राहिले. डावा हात जरासा उचलला.

घरी फोन. बेल पुन्हा बंद. जिन्यात कुणी नाही. चिमणी झोपलीय, श्वास मोकळा. बायको चिडलेली — आलात की आधी ती बेल करा. किती छान चिडते ती. हो म्हटलं.

रडलो. मेहुण्याला कळू नये.

१९, साडेचार

काकूंचा फोन. निघताना विचारायचं राहिलं म्हणे, तुमच्या खोलीच्या दारावर कागद कशाला चिकटवलाय?

मी नाही —

बेल बंद आहे, दार वाजवा. अक्षर माझंच.

वाजतंय.

हळू. तिची उंची जिथे येईल तिथे.

विचारलं मी, कोण. बारा वर्षांत एकाही भोंदूला इतक्या नम्रपणे —

शांतता. मोजतोय. लिहीत राहतो, तेवढंच हातात आहे. पंधरा. सोळा. उत्तर आलं नाही तर उद्या बेल दुरुस्त करीन. सतरा. अठरा. एकोणीस. वी