लागवडीच्या म्हणून आलेल्या फळ्या

प्रिय बाबा,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचे गुडघे कसे आहेत?

लागवडीचं लाकूड कोवळं असतं, वाकतं, असं तुम्ही म्हणायचात. पण नीट वाळवलं की ते दगा देत नाही. रंध्याखाली छान चालतं, सांधाही घट्ट धरतं. फक्त गाठी जास्त, आणि कडेला फिकट पट्टा असतो.

या खेपेच्या फळ्यांना मात्र ना गाठ, ना पट्टा. रेषा फार वर्षं वाढलेल्या झाडाच्या असतात तशा केसासारख्या बारीक, आणि उचलताना खांदे भरून येतात. जुन्या जंगलातलं झाड तोडलंय, अशी मला शंका आली. कारखान्याच्या मालकांना विचारलं तर हसून म्हणाले, "तू रंधा मार गं, चौकशा कशाला?"

काल एक बाई नातीचा पाळणा न्यायला आल्या. जंगल तुटू नये म्हणून त्यांनी मुद्दाम लागवडीचं लाकूड सांगितलं होतं. "तेच वापरलंय ना?" त्यांनी विचारलं. मालक "हो" म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मला नाही तसं वाटत." बाई पाळणा न घेताच गेल्या.

मालक रागावले नाहीत, बाबा. उलट आज स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि तुमचा पत्ता विचारला. मी विषय बदलला. एवढा गोडवा मला पचत नाही. तुम्ही दिलेल्या लाकूड कोरायच्या पटाशा आजपासून मी रोज खोलीवर घेऊन येणार आहे.

आईला वाचून दाखवताना पाळण्याच्या आधीच थांबा.

तुमचीच,
थोरली