जुना कर्नल काढाचा नाई

मंगळवार, संध्याकाळ. आंजी.

सर्व्हरवर नवा कर्नल टाकाचाच होता. कर्नल म्हनजे मशीनचा जीव, अन् जुन्यात चोर शिरन असं भोक सापडलं म्हन्ते. पन मशीन पडली मुंबईले, भाड्यानं. बंद पडली तं बटन दाबाले मी काय धावत जाऊ? मागच्या खेपेले सरळ नवा लावला, मशीन उठलीच नाई. कॅनलच्या पान्याच्या पाळीची यादी तिच्यातच, गाव मोबाईलवर पाह्यते. यादी दिसेना, पाळी कोनाची समजेना, दोघं जनं बांधावर एकमेकाची गचांडी धरून उभे. माह्या आगाऊपनापायी.

आज तसं नाई. गोऱ्हा पहिल्यांदा जुंपाचा तं बाजूले जुना बैल लागते. मशीनले सांगतलं, नवा एकदाच चालव. अडकला तं दहा सेकंद थांब अन् आपल्या मनानं जुन्यावर ये.

बायको मांगं उभी. "पुन्हा गावाले भांडाले लावून राह्यले का?"

"चूप राह्य. दहा सेकंद लागते."

"तुमचे दहा सेकंद मांगं दुपारपर्यंत चालले."

मशीन बंद होऊन नव्यावर उठाले गेली. दहा झाले, वीस झाले. चहा थंडा. मोटारी उघडून उमर गेली माही, पन इथं पाना लावाले जागाच नाई. मंग उठली. पाह्यतो तं जुन्यावर! नवा अडकलाच होता. यादी जशीच्या तशी, उद्या पहिली पाळी सोनबाची.

"म्हनजे फसलंच ना?" बायको म्हनली.

फसलं. पन मशीन आपल्या पायानं घरी आली. कुठं अडकली ते लिहून घेतलं. उद्या सोनबाचं पानी सुटलं का पुन्हा जुंपतो. जुना बाजूलेच राहीन.