पत्रिकेची मागची बाजू

१० नोव्हेंबर, सोमवार

सहावी क ने आज मला सोलून काढलं. गणिताच्या टीचर सोडून गेल्या म्हणून माझ्या विज्ञानावर गणिताची भर. विषय अपूर्णांक. पाऊण म्हणजे काय, असं विचारलं तर झोया म्हणाली, "टीचर, पौना किलो मटन." वर्ग हसला. मीही हसले, आणि मग फळ्यावर काय लिहायचं ते विसरले.

स्टाफरूममध्ये शांताक्कांसमोर रडगाणं गायले. त्या इथल्या सगळ्यात जुन्या टीचर, मी सगळ्यात नवी. निपाणीच्या. घरी मराठी, शिक्षण कन्नडमधून, शिकवतात इंग्लिशमधून, रागावतात हिंदीतून. उठल्या, कपाटातून पत्र्याची पेटी काढली, चाळून एक कार्ड दिलं.

"हे घे. उद्या कर. झालं की जागेवर ठेव, बस."

कार्ड म्हणजे लग्नपत्रिका! चिकपेटच्या एका छापखान्यात चुकलेल्या पत्रिका पडून असतात. कुठे नवऱ्याचं नाव चुकलेलं, कुठे मुहूर्त. छापखान्यातले अण्णा त्या अक्कांना फुकट देतात. कोऱ्या बाजूला अक्कांच्या निळ्या शाईत इंग्लिशमधून एक उपक्रम, उलट्या बाजूला कन्नडमध्ये कुणाचं तरी लग्न. गणित, विज्ञान, भूगोल, भाषा, सगळं त्या पेटीत. ज्याला हवं त्याने न्यावं.

११ नोव्हेंबर

कार्डावर चार ओळी. प्रत्येक बाकाला एका मुलाच्या उंचीएवढी दोरी. घडी घाला, अर्धी, पाव. आता वर्गात पाऊण दोरीएवढं काहीतरी शोधा.

दहा मिनिटं नुसता गोंधळ. मग झोया बाकावर उभी राहून ओरडली, "टीचर, मैं पौनी मुबीना हूँ!" मोजून पाहिलं. खरंच होती. मुबीना वर्गात सगळ्यात उंच, झोया सगळ्यात बुटकी.

चार ओळी! मी रात्र-रात्र स्लाइड्स बनवते.

२५ नोव्हें.

अक्कांच्या भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसले. घर ते शाळा नकाशा काढायचा, पण रस्त्यांची नावं लिहायची नाहीत. फक्त वास. बेकरी, मासे, पेट्रोल, फुलांची गाडी, अब्बांच्या गॅरेजचं ग्रीस. शिवाजीनगरची ही पोरं, नाकाने रस्ता ओळखतात. अक्का दाराशी हात मागे बांधून उभ्या. तासभरात मोजून तीन वाक्यं बोलल्या असतील.

मलाही कागद दिला. कोरमंगला ते शाळा, कॅबच्या बंद काचा. माझ्या नकाशावर एकच वास, गाडीतल्या लिंबाच्या फ्रेशनरचा. अक्कांनी कागद पाहिला आणि बाकीच्यांच्या गठ्ठ्यात ठेवला. शेरा नाही, काही नाही. लाज वाटली ती वाटलीच.

असं शिकवता आलं पाहिजे. बस. दुसरं काही नको.

३० नोव्हें., रविवार

अक्कांना विचारून पेटी दोन दिवस घरी आणली. श्रीने, म्हणजे आमच्या नवऱ्याने, एका दुपारीत वेबपेज उभं केलं. सर्व विषयांचे वर्ग-उपक्रम, शिक्षकांसाठी मोफत. मी फोटो काढत गेले, तो चढवत गेला.

मध्येच त्याने विचारलं, "मागची बाजूपण काढायची का?"

"अरे, ती लग्नं आहेत."

खाली "संकलन : मीनल" असं टाकलं. श्री म्हणाला, अक्कांचं नाव? म्हटलं, त्यांना विचारून टाकू. फोटोंचंही विचारायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, विचारलं नाही. त्या नको म्हणतील अशी भीती होती, हे इथे तरी खरं लिहावं.

१२ डिसें.

पेज सुसाट. हुबळीच्या एका सरांनी वासाचा नकाशा केला, फोटो पाठवले. म्हैसूरहून कुणी दोरीबद्दल लिहिलं. प्रिन्सिपल मॅडमनी असेंब्लीत माझं नाव घेतलं. टाळ्या. अक्काही वाजवत होत्या. त्यांचा फोन बटणांचा, त्यांना पेजचा पत्ता नाही. मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं. पण पेज काही काढलं नाही.

अक्का ३१ मार्चला रिटायर. पेटी कुणाला देणार ते स्टाफरूममध्ये कुणी विचारत नाही, मनात सगळ्यांच्या आहे. मी आज विचारलंच.

"बघू की," म्हणाल्या. "तीन महिने हाईत अजून."

मला ती पेटी हवी आहे. पगारवाढीपेक्षा जास्त हवी आहे. श्रीला सांगितलं तर म्हणे, तुझ्याकडे सगळे फोटो आहेत ना? त्याला नाही कळायचं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

लिहूनच टाकते.

बीजप्रसार. अक्कांचं रुईच्या म्हाताऱ्यांचं कार्ड, पेजवर सगळ्यात जास्त नेलं गेलेलं. रुईचं बोंड फोडा, म्हातारी बाकावरून सोडा, जमिनीवर टेकेपर्यंत टाळ्या मोजा. फेब्रुवारीतच उकडायला लागलंय, पंखे पाचवर. मी आठ बोंडं एकदम फोडायला लावली.

मिनिटभर फार सुंदर दिसलं. मग सगळ्यांच्या नाकातोंडात. शिंका, खोकला, आणि झोया छाती धरून खाली बसलेली. तिला दमा आहे. दप्तरात पंप होता, मुबीनाने शोधून दिला. मला तर काय शोधायचं तेही सुचत नव्हतं. अर्ध्या तासाने श्वास नीट झाला. तिची अम्मी आली. फक्त पोरीच्या केसांतली रुई वेचत राहिली.

नंतर स्टाफरूममध्ये कपाटाआड उभी राहून रडले. तिथे कोणी नव्हतं.

अक्का आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाल्या, "मागचं वाचलं न्हाईस काय?"

"मागे लग्नपत्रिका आहे, अक्का."

त्यांनी कार्ड उलटं केलं. छापलेल्या ओळींच्या मधल्या जागेत, कडेला, गणपतीच्या शेजारी, बारीक पेन्सिलीत कन्नड. मला तर सगळंच कन्नड एकसारखं दिसतं, छापलेलं काय नि लिहिलेलं काय. अक्का वाचत गेल्या, मराठीत सांगत गेल्या. पंखा बंद करायचा. बोंड एकच. दम्याची पोरं दाराशी, टाळ्या मोजायचं काम त्यांना. खाली तीन मुलांची नावं, कुणाला काय झालं ते. शेवटी एकच शब्द, "मत्ते". म्हणजे पुन्हा. पुन्हा करून बघायचं.

प्रत्येक कार्डाच्या मागे असं आहे. तीस वर्षांत वर्गात जे जे फसलं ते सगळं. पुढच्या बाजूला उपक्रम, मागच्या बाजूला अक्का.

सहा वर्षं झाली या शहरात. दुकानांच्या पाट्यासुद्धा इंग्लिशमधल्याच वाचते मी.

१६, संध्याकाळी

पेजवर दावणगेरेच्या एका टीचरचा निरोप. हा म्हाताऱ्यांचा उपक्रम त्या आजच करणार होत्या.

कार्ड काढून टाकलं. जे आधीच घेऊन गेले त्यांचं काय? सगळ्यांना इशारा लिहिला. दावणगेरेच्या बाईंना तीन निरोप. उत्तर नाही.

१७ फेब्रु.

सकाळी त्यांचं उत्तर. "खूप छान झाला उपक्रम. करंट गेला होता, पंखे बंदच होते. काळजी कशाची?"

वीज मंडळाला मनोमन हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा.

मग अक्कांना सगळं सांगितलं. पेज, फोटो, संकलन मीनल. फोनवर दाखवलं. त्या चष्मा वर-खाली करत एकेक कार्ड बघत राहिल्या. मला वाटलं, आता नावाचं निघणार.

"नावाचं राहू दे गं. हे सगळे अर्धेच दिलेत की तू लोकांना."

एवढंच म्हणाल्या आणि तासाला गेल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

१८ फेब्रु.

पेटी कपाटात नाही. अक्का घरी घेऊन गेल्या.

अख्खं पेज बंद केलं. श्री म्हणाला, मागच्या बाजूचे फोटो काढून चढव, प्रश्न मिटला. मलाही तेच वाटलं होतं. धीर करून अक्कांना विचारलं.

"मागं पोरांची नावं हाईत. कुणाची आई न्हाई, कुणाचा बाप तुरुंगात. आईला विचारून या म्हटलं, ते पोर चार दिवस शाळेला आलं न्हाई, ते लिवलंय तिथं. ते जगाला दाखवायचं नव्हं. शिकवणाऱ्यानं वाचायचं."

"मग नावं गाळून, नव्याने लिहून चढवू?"

"वाचल्याबिगर काय लिवणार तू?"

बरोबर आहे. प्रत्येक वेळी या बाईंचं बरोबरच कसं असतं! चिडचिड होते आणि पायाही पडावंसं वाटतं.

२० फेब्रु.

झोया परत आली. अम्मीने पाठवली, माझ्याच वर्गात. मी तिच्याजवळ बसून सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "टीचर, मेरी म्हातारी सबसे ऊपर गई थी. देखी आप?" मराठी शब्द तिने माझ्याकडूनच उचललेला.

मग मी तिला विचारलं, मला कन्नड अक्षरं शिकवशील का. मधल्या सुट्टीत. तिने माझ्याकडे असं पाहिलं की हिचं काय खरं नाही. पण लगेच वहीचं पान फाडलं.

२ मार्च

झोया कडक टीचर आहे. "ऐसा नै टीचर, नीचे से घुमाना. फिर लिखो." दहादा लिहून घेते. मुबीना माझी वही तपासते आणि लाल पेनाने गोल करते. आज दहापैकी चार. वर्गात सगळ्यांना सांगितलं माझे मार्क! आता सहावी क माझ्याशी फार प्रेमाने वागते. नापास टीचर त्यांना आवडलेली दिसते.

अक्कांना कुणी सांगितलं कोण जाणे. आज हजेरीपुस्तकात एक कार्ड ठेवलेलं. दोरीचं. अक्का समोरून म्हणाल्या, "मागचं वाच. वाचून झालं की पुढचं देते. घाई न्हाई, स्वल्प स्वल्प."

तर मला गृहपाठ मिळालाय. या वयात.

६ मार्च

दोरीच्या कार्डामागची सहा वाक्यं, तीन संध्याकाळी. अक्षरं मी जुळवते, अर्थ खालच्या मजल्यावरच्या गौरम्मांना विचारते. नावं मात्र त्यांना सांगत नाही. अक्कांनी लिहिलंय की बुटक्या मुलाची उंची मोजायला घेऊ नका, त्याला आपण होऊन पुढे येऊ द्या. झोया बाकावर उभी राहिली होती ती आपण होऊन. माझं नशीब, अक्कल नव्हे.

दावणगेरेच्या बाईंचा पुन्हा निरोप, पेज कधी उघडणार? काय सांगू? लिहिलं, अजून वाचतेय.

११ मार्च

अक्कांना म्हटलं, या वेगाने सगळी पेटी वाचायला मला दोन वर्षं लागतील. तुम्ही तर वीस दिवसांत चालल्या.

"मी निपाणीला चाललेय, स्वर्गात नव्हं."

सगळी स्टाफरूम हसली. पेटीचं मात्र बोलल्या नाहीत. सातवीच्या नव्या टीचरनेही परवा पेटी मागितली म्हणे. तिला कन्नड वाचता येतं.

१३ मार्च, शुक्रवार

हजेरीपुस्तकात आज रुईचं कार्ड. तेच. हातात घ्यावंसं वाटेना.

मधल्या सुट्टीत झोयाला म्हटलं, आज मी एकटी वाचणार. व्हरांड्यात बसले. पंखा, बोंड, दम्मु, बागिलु म्हणजे दार. आता ओळखीचे झालेत हे शब्द. तीन मुलांची नावं. त्यांच्याखाली, वराच्या वडिलांच्या नावाशेजारी उरलेल्या इवल्या जागेत, नवी पेन्सिल. काळीभोर, अजून पुसट न झालेली.

बोट ठेवून वाचलं. होस टीचर. नवीन टीचर, म्हणजे मी. फ्यान आफ माडलिल्ल. पंखा बंद केला नाही.

पुढचा शब्द जुळेना. आमेले. नंतर. त्याच्या पुढे अत्तरु. हा तर झोयाने शिकवलेला, पहिल्याच आठवड्यात, लहान भावाच्या गोष्टीत. रडल्या.

कपाटाआड कोणी नव्हतं, असं मला वाटलं होतं.

आणि शेवटी, मुलांच्या नोंदींनंतर होता तसा, तोच शब्द. मत्ते.

झोया येऊन विचारून गेली, "टीचर, कितने मार्क मिले?"

कार्ड परत द्यायला गेले तर अक्का पेपर तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "वाचलंस?" म्हटलं, वाचलं. "सरी," म्हणाल्या, म्हणजे ठीक, आणि पान उलटलं. पेटीचं त्या काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

परीक्षेआधी सहावी क चा एकच तास उरलाय, सोमवारचा. श्रीला सांगितलंय, उद्या सकाळी रुई शोधायला जायचं. एकच बोंड आणायचं. पंखे बंद, झोया दाराशी, टाळ्या ती मोजेल.