अण्णांच्या घासाचा कावळा

अण्णा, मी दारेसलामला आहे. हे गाव कुठं आलं म्हणाल, तर मलाही धड सांगता येत नाही. विमानानं समुद्र ओलांडला की आफ्रिकेच्या काठाला लागतं, एवढं कळलं. तुम्ही सायकलला दुधाचे कॅन लावून संगमनेरच्या डेअरीपर्यंत जायचा, तेच तुमचं लांब. तुमची चौथी शिकलेली लेक त्याच्या कितीतरी पुढं आली बघा. माझ्या धाकट्या लेकीचं बाळंतपण होतं. जावई आधी नागापूरच्या एमआयडीसीत होते, आता इथल्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करतात. नात झाली. कान थेट तुमचे, बाहेर आलेले. लेक म्हणते, "आई, येणाऱ्याजाणाऱ्याला कानांचं काय सांगत बसतेस?" सांगणारच. इथं माझ्याशिवाय कुणी बघितलेत तुमचे कान?

पण आल्यापासून जिवाला एक घोर होता, तुमच्या घासाचा. तुम्हाला मुलगा नाही. भावकीत कुणी टोचलं की, "पितरात घास कोन घालनार रं तुला?" तर तुम्ही विडी विझवून म्हणायचा, "माझी पोरगी घालंल. न्हाई घातला तर मी उपाशी ऱ्हाईन, तुला काय करायचंय?" तुम्ही गेल्यावर चुलतभाऊ आडवा आला. पोरीच्या हातचं पोचत नाही म्हणाला. मी भांडले नाही. सर्वपित्रीला सासरच्या पत्र्यावर पान ठेवलं, कावळा आला, वडा उचलून गेला, भावाचं तोंड बंद झालं. तेव्हापासून एकही वर्ष चुकवलं नाही. तोही चुकवत नाही, दरवर्षी फोन करून विचारतोच, "शिवला का गं?" आणि यंदा मी इथं, समुद्रापल्याड.

त्यात इथला कावळा बघितला आणि घोर आणखीच वाढला. अंगानं थोराड, छातीवर पांढरंशुभ्र, बंडी घातल्यासारखं. लेकीला म्हटलं, "ह्या बंडीवाल्याला आपली आमटी चालंल का गं?" ती हसून हसून म्हणाली, "आई, गप बस, टाके दुखतात." मग एकदा जावई मला मासळीबाजारात घेऊन गेले. वास सोसेना म्हणून नाकाला पदर लावून उभी होते, तर समोरच्या टोपलीवर एकजण उतरला. अंगानं बारीक, मान करडी, राखेत लोळून आल्यासारखी, एक डोळा माशावर आणि एक माझ्यावर. आपला! आपल्या पत्र्यावरचा! मी भर बाजारात ओरडले, "अहो जावईबापू, आपल्याकडचा हाय!" माणसं वळून बघायला लागली. जावई म्हणाले, "आई, कावळा आहे तो. माहेरचं माणूस भेटल्यासारखं काय करताय?" मी म्हटलं, मग दुसरं काय भेटलंय?

त्यानंतर जिकडं तिकडं तोच दिसायला लागला, तारेवर, उकिरड्यावर, आमच्या अंगणातल्या आंब्यावर. मी ठरवलं, आधीपासून ओळख करून ठेवावी, म्हणजे अमावास्येला नखरे करायचा नाही. रोज सकाळी कुंपणाच्या भिंतीवर पोळीचा कुस्करा ठेवायला लागले. एक आला, त्यानं सगळी भावकी बोलावली. मला कोण कौतुक! आणि एका सकाळी भिंतीपलीकडं एकच गलका झाला. शेजारीण कोंबड्या पाळते. तिचं एक पिल्लू माझ्याच पाहुण्यांनी उचललं होतं.

ती बाई भांडायला नाही आली. दारात उभी राहिली आणि हळू आवाजात बोलली. मला ती बीबी म्हणते, म्हणजे त्यांच्यात आजी. जावयांनी तिचं बोलणं समजावून सांगितलं. "बीबी, हे कावळे आमचे नव्हेत. फार पूर्वी तुमच्या देशातून जहाजानं आणले, घाण खातील म्हणून. आता ते आमच्या पाखरांची घरटी राहू देत नाहीत, कोंबड्यांची पिल्लं राहू देत नाहीत. त्यांना धरायला पिंजरे लावतात लोक. तुम्ही खायला नका घालू." आणि जाताना उलट मलाच दोन अंडी देऊन गेली, बाळंतिणीला म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं, कावळ्याला तरी बोल कसा लावायचा? त्याला काय विचारून जहाजात घातलं होतं?

तेव्हा मला तुमची टोपी आठवली. मी लहान आहे, तुम्ही डेअरीवरून येता, टोपी डोक्यावर नाही, ओंजळीत धरलेली. आई चुलीपुढून म्हणते, "टोपीत काय लपवून आनलंय?" तुम्ही टोपी माझ्यापुढं धरता. आत पिवळं पिल्लू, माझं एकटीचं. चार दिवस मिरवते मी त्याला, आणि मग कावळा नेतो. नेमका तोच पितरांचा पंधरवडा. आजोबांचं पान मांडलेलं, आणि मी दगड घेऊन उभी. तुम्ही एरवी कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडता, "दगड टाक आधी!" मी रडत म्हणते, ह्यानंच नेलं माझं. मग तुम्ही माझ्यापुढं उकिडवे बसता. "आज त्येला मान दे. उद्या पायजे तेवढ्या शिव्या दे, मी बी देतो तुझ्यासंगं." आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर उभं राहून आपण दोघांनी खरंच दिल्या. आई म्हणाली, "जसा बाप तशी लेक."

सर्वपित्रीला मी वडे तळले, खीर केली, आमटी, भोपळ्याची भाजी, आणि शेंगदाण्याची चटणी तुमच्यापुरती झणझणीत. केळीचं पान वाढून अंगणात आले. भिंतीवर करड्या मानेचे पाहुणे ओळीनं बसलेले. सवय मीच लावलेली. भिंतीपलीकडं ती कोंबडी, उरलेली पिल्लं पंखाखाली घेऊन, एकदा वर बघते, एकदा माझ्याकडं. शेजारीण कपडे वाळत घालत होती. ती भांडली असती तर सोपं झालं असतं. एकीकडं तुमचा शब्द, आज त्येला मान दे, आणि एकीकडं तिची दोन अंडी. हातातलं पान जड झालं, अण्णा. कावळे ओरडायला लागले. शेवटी मी फाटक उघडून तिच्या अंगणात गेले. पिल्लू गेल्यापासून तिनं खुराड्यापुढं जाळी बसवली होती. ती जाळी शेजारणीला खुणेनं उचलायला लावली, पान आत सरकवलं आणि म्हणाले, "अण्णा, या."

कोंबडी आली. आधी चटणी टोचली, मान झटकली, आणि मग वड्याकडं वळली. मला हसूच फुटलं. तुम्ही असेच जेवायचा, आधी चटणी आणि मग मान झटकायची! शेजारणीला काय कळणार, पण तीही हसायला लागली. वर कावळे शिव्या देत होते. देऊ द्या, आपणही दिल्यात.

दुपारी चुलतभावाचा फोन आला. आता ऐकू कमी येतं त्याला, पण विचारायचं सोडत नाही. "शिवला का गं तिकडं?" मी म्हटलं, "पहिल्याच हाकेला." "बघ, कावळ्याला सगळं कळतं," म्हणाला. मी कावळ्याचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

हे पत्र टाकायचं कुठं? तुम्ही आहात तिथं टपाल जात नाही. नातीच्या दुपट्यांच्या घडीत ठेवून देते. एक मात्र आजवर कुणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं पान ठेवलं की कावळा उतरेपर्यंत मी डोळे घट्ट मिटून उभी असायचे. भाऊ म्हणाला तेच खरं निघालं तर, पोरीच्या हातचं पोचतच नसलं तर, अशी भीती वाटायची. यंदा पहिल्यांदा डोळे उघडे ठेवून बघितलं, तुम्ही जेवताना.