कुमुदच्या डोक्यामागची भिंत

४ फेब्रु.
रंगकाम सुरू. नातीचा साखरपुडा घरीच, म्हणून सुहासची घाई. सामान खोलीच्या मधोमध, वर जुन्या चादरी. पार्ल्याचं घर आपलंच, पण पाहुण्यासारखा स्टुलावर बसलो. रमाकांत पेंटर पत्र्याने भिंत खरवडतो. पिवळ्याखाली पिस्ता, सुहासच्या मुंजीचा. पिस्त्याखाली निळा, आमच्या लग्नानंतरचा. पोपडे गोळा करावेसे वाटले. सूनबाई बघत होती, राहू दिलं.

दिवाणामागे रमाकांत थांबला. ‘‘काकानू, हेच्यार रंग धरूचो नाय. तेल जिरलाहा. सोड्यान धुवून घासूक व्हया.’’
म्हटलं, आधी बाकीच्या भिंती कर.

५ फेब्रु.
तळव्याएवढा डाग. कुमुद संध्याकाळी तिथे डोकं टेकून बसायची, माक्याचं तेल लावलेलं. मी शाळेतल्या कविता म्हणायचो. तिसऱ्या कडव्याला अडलो की डोळे मिटूनच पुढची ओळ सांगायची.
आज नाक लावून पाहिलं. वास नाही. पूर्वी खिडकीतून कारखान्यातल्या बिस्किटांचा यायचा, तोही गेला.

६ फेब्रु.
सुहासला म्हटलं, तेवढा तुकडा राहू दे.
‘‘बाबा, व्याही तिथेच बसणार. आईचा फोटो आहे ना?’’
फोटोत ती ताठ बसलीय. टेकलेली नाही.
जेवण गेलं नाही.

मागच्या वेळी गणपतीच्या घाईत न धुताच रंग मारला होता. दिवाळीपर्यंत डाग परत वर. कुमुद हसली होती, ‘‘बघा! मला काय पुसताय?’’

७ फेब्रु.
सुहास ऑफिसला. सून बाजारात. रमाकांत बादलीत सोडा कालवत होता. चहा दिला. म्हटलं, धुऊ नकोस. तसाच मार रंग.
‘‘वर येतलो तो. मगे सगळे माका गाळी घालशात.’’
‘‘सुहासला मी सांगेन, मीच सांगितलं म्हणून.’’
भिंतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ‘‘काकींचो?’’
मान हलवली. बादली मोरीत ओतली त्याने.

१० फेब्रु.
सगळीकडे हस्तिदंती. झकास झालं म्हणे सगळे. डागाचा मागमूस नाही. सुहासला अजून सांगितलेलं नाही.
संध्याकाळी दिवाणावर बसलो. कविता सुरू केली, तिसऱ्या कडव्याला अडली. थांबून राहिलो.
पाठ दुखत होती, तरी डोकं टेकलं नाही. माझ्याही केसांना तेल असतं. उमटला तर तिचाच उमटू दे.